मायाक्काचं नाक आणि माझा धूर

मी एक जुनी धुराची पेटी आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखी वस्तू पाहिलीही नसेल. दुरून मी लहानशा लोखंडी कपाटासारखी दिसते. माझ्या पोटात वरखाली जाळ्या आहेत. तळाशी विजेवर तापणारी कॉइल आहे, तिच्यावर लाकडाच्या ढलप्यांचा डबा आहे आणि डोक्यावर धूर सोडणारं छोटंसं धुराडं आहे. ढलप्या पेट घेत नाहीत, नुसत्या धुमसतात. त्या धुरात जाळीवरचं मटण हळूहळू शिजतं आणि त्याला असा काही वास लागतो, की रस्त्यानं जाणारा माणूस थबकतो. लोक मला स्मोकर म्हणतात. मायाक्का मात्र मला ‘काळी’ म्हणते, आणि मला तेच नाव आवडतं.

सोलापुरात मी आले ती एका मोठ्या हॉटेलात. तिथं सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मालक पाहुण्यांना मुद्दाम आत आणून मला दाखवायचे. पण काम झाल्यावर माझ्या पोटात हात घालायला कुणी तयार नसे. चरबी गळून कॉइलच्या वरच्या ताटलीत साचायची, तिच्यावर नवी गळायची. भिंतींवर काजळीचे थर चढले. एक दिवस माझी कॉइल जळाली आणि मला मागच्या अंगणात जनरेटरशेजारी नेऊन ठेवलं. माझ्या डोक्यावर कबुतरं बसू लागली. आपण कुणाला नकोसे झालो, हे कळायला वस्तूलाही वेळ लागत नाही.

सतीश त्या हॉटेलात विजेच्या कामाला यायचा. त्यानं मला पाहिलं, मालकांना विचारलं आणि टेम्पोत घालून मायाक्काच्या खानावळीत आणलं. तो दुपारचा तिथंच जेवायचा. चुलीच्या धुरानं मायाक्काचे डोळे कसे लाल होतात, ते त्यानं रोज पाहिलं होतं.

मायाक्का मूळची सांगोल्याकडची. तिचे वडील मेंढरं राखायचे. चुलीवर दोरी बांधून मटणाच्या पट्ट्या धुरावर धरायच्या, हे ती लहानपणापासून बघत आली होती. तिनं माझं दार उघडलं आणि कपाळाला हात लावला.

“आगं बया! कुणी गं तुजे असे हाल केले?”

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं.

तिनं पदर खोचला. जाळ्या काढून गरम साबणाच्या पाण्यात बुडवल्या. भिंतींवरचे पापुद्रे लाकडी उलथन्यानं अलगद सोडवले. धुराडं जुन्या ब्रशनं मोकळं केलं. सतीशनं नवी कॉइल बसवली आणि बजावलं, “मावशी, हिला पाणी लागू देऊ नका. कोरड्या फडक्यानं पुसायची. आणि हात घालायच्या आधी पिन काढायची, पेटी गार होऊ द्यायची.”

“व्हय व्हय,” मायाक्का म्हणाली. मग तिची सून पूनम मला घासणीनं लख्ख करायला निघाली, तर तिला अडवून म्हणाली, “पार पांढरी करू नगंस. चिकट आन् सुटं हाय तेवडं काड. जरा काळा रंग ऱ्हाऊ दे. त्यो तिचा दागिना हाय.”

शेवटी मला रिकामीच तापवून वाळवलं आणि मग पहिल्यांदा डाळिंबाच्या ढलप्या घातल्या. सांगोल्याकडं बागांची छाटणी झाली, की तिचा भाऊ ज्ञानबा त्या फांद्या पोत्यात भरून पाठवायचा. त्या धुराला गोडसर वास असतो. माझे खरे दिवस तिथून सुरू झाले. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि माझ्या पोटातलं मटण! माढ्याहून सोलापुरात कामाला आलेली माणसं वाट वाकडी करून जेवायला यायची. मैंदर्गीचे निंगप्पा तर बाजाराच्या दिवशी हमखास यायचे आणि पहिला घास खाऊन म्हणायचे, “आक्का, काय लई भारी झालंय की ओ!”

मायाक्का मला रोज सकाळी तपासायची. दार उघडायचं, डोकं आत घालायचं आणि खोल श्वास घ्यायचा, एवढीच तिची तपासणी. पोटातल्या अंधारात तिच्या डोळ्यांना फारसं दिसत नसे, पण नाक तिखट होतं. चरबी जराशी खवट झाली, की “काळे, आज तुजी आंगुळ हाय,” म्हणून ती कामाला लागायची.

मग एका थंडीत ती तापानं आजारी पडली. अंथरुणातून उठली, पुन्हा खानावळीत उभी राहिली. सकाळी माझं दार उघडलं, डोकं आत घातलं, श्वास घेतला. पुन्हा घेतला. माझ्या ताटलीत चरबी साचून खवट झाली होती. तरी ती बराच वेळ तशीच वाकून राहिली आणि मग म्हणाली, “चांगली हायस की गं.” तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

त्यानंतर मी मळत गेले. काजळी डांबरासारखी चकाकू लागली. धुराडं चोंदलं, धूर बाहेर पडेना, आत कोंडून कडू व्हायला लागला. तो कडूपणा मटणात उतरला. गिऱ्हाइकं ताटात अर्धं टाकून उठू लागली. निंगप्पा एकदा घास तोंडात घोळवत राहिले आणि ओशाळून म्हणाले, “आक्का, राग मानू नका. धूर जरा कडू लागतोय की ओ.”

मायाक्कानं त्यांच्या ताटात शेंगाचटणी वाढली. पूनम मात्र दिवसेंदिवस चिडायला लागली.

“आत्या, पेटी बगितली व्हती का?”

“रोज बगती की.”

“मग अशी कशी चव? ही पेटीच खराब झालीया. भंगारात देऊन टाकू.”

मायाक्कानं माझ्यावर हात ठेवला. “हिचा काय दोष न्हाय,” एवढंच म्हणाली. मला वाटलं, आता ती पुढं काहीतरी सांगेल. पण ती भाकऱ्या थापायला निघून गेली.

पुढच्या बाजारी निंगप्पांनी आपल्या भावाला जेवायला आणायचं ठरवलं होतं. भाऊ बऱ्याच वर्षांनी गावी आला होता. एकदा कडू घास खाऊनही त्यांनी मायाक्काकडंच जेवण सांगितलं, याचं तिला अप्रूप वाटलं. सकाळीच माझ्या जाळ्या भरल्या. ढलप्या धुमसू लागल्या. मायाक्का माझ्यासमोरच पाटावर बसून लसूण सोलत होती. माझ्या तळाशी चरबी उकळायला लागली, ताटलीच्या काठावरून ओघळून कॉइलवर पडली आणि भडकली. दाराच्या फटीतून जळका, घाण वास बाहेर येऊ लागला.

मी काय करणार, मित्रांनो? पेटीला ओरडता येत नाही. मायाक्का हातभर अंतरावर खाली मान घालून लसूण सोलत राहिली.

पूनम बाहेर नळावर होती. तिला वास आला आणि ती भांडं टाकून धावली. “आत्या, सरका!” तिनं आधी भिंतीतली पिन ओढली. मायाक्का दाराची कडी काढायला गेली, तर तिचा हात धरला. “उगडू नका! हवा लागली तर आनकी भडकंल.” आणि फडक्यानं धुराड्याची झडप बंद केली. आतली आग हळूहळू गुदमरून विझली. मटणाचा कोळसा झाला होता.

पूनम धापा टाकत भिंतीला टेकली. मग तिनं सासूकडं पाहिलं. तिचा आवाज एकदम खाली आला.

“आत्या, तुमी हितंच बसला व्हता. तुमाला वास आला न्हाय?”

मायाक्काच्या मांडीवरून लसूण घरंगळला.

“मला कशाचाच वास येत न्हाय गं पूनम,” ती म्हणाली. “त्या तापापासनं. भाकरी करपल्याली कळत न्हाय. तुज्या लेकीला मांडीवर घेती, तिच्या टाळूचा वास बी येत न्हाय. कुनाला सांगू? नाक गेलं तर ह्या खानावळीत माजं काय काम ऱ्हातंय?”

पूनम तिच्यासमोर खाली बसली. मग पूनमनं आपल्या ओल्या हातांत तिचे दोन्ही हात घेतले.

“हे हात कुटं गेल्यात का?” ती म्हणाली.

निंगप्पा भावाला घेऊन आले, तेव्हा पूनमनं झालेलं सगळं सांगितलं. दोघा भावांनी त्या दिवशी पिठलं-भाकरी खाल्ली आणि निंगप्पा मायाक्काला म्हणाले, “मटण कुटं पळून जातंय काय? पुढच्या बाजारी येतो.”

मी गार झाल्यावर दोघी माझ्याजवळ आल्या. पूनमनं मायाक्काचं बोट धरून माझ्या छताला लावलं. “काय लागतंय?”

“चिकट. गुळाच्या पाकागत.”

“मग ते काडायचं.”

मायाक्का बोटांनी मला नव्यानं शिकली. खरखरीत पापुद्रा कुठला, मुरलेला काळा रंग कुठला, दाराची रबरी पट्टी कुठं कडक झाली, धुराड्याची वाट कुठं अरुंद झाली, सारं तिला चाचपून कळू लागलं. जळलेली कॉइल सतीशनं बदलून दिली. आता वास येवो न येवो, प्रत्येक वेळी काम झालं की राख आणि चरबी काढल्याशिवाय ती मला सोडत नाही. पुढच्या बाजारी निंगप्पांच्या भावानं ताट पुसून खाल्लं.

मायाक्काचं नाक अजून परत आलेलं नाही. येईल की नाही, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. घरातल्या वस्तूंना वेळच्या वेळी स्वच्छ ठेवा, त्यांच्या पोटात काय साचलंय ते बघत जा. आणि एखादी वस्तू अचानक बिघडू लागली, तर तिच्यावर किंवा तिला सांभाळणाऱ्या हातांवर लगेच चिडू नका. त्या माणसाजवळ जरा बसा. त्याला विचारा.

आता रोज माझा धूर सुरू झाला, की मायाक्का हाक मारते, “पूनम, कसा येतोय गं?” पूनम तशी कमी बोलणारी बाई. पण हातातलं काम ठेवून ती माझ्यापाशी येते, डोळे मिटते आणि शब्द शोधू लागते. “आज निवत आलेल्या दुदासारका येतोय, आत्या. साय धरायच्या येळी येतो तसा. आन् मागनं जरा भाजल्या चिचोक्यासारका.”

मायाक्का मान वर करून ऐकत राहते. मग हळूच हसते आणि म्हणते, “आला गं. आला.”