अट्रॅक्टाच्या अंगणातले दगड

मी एक जुना दगडी पूल आहे. जुना म्हणतो खरा, पण माझी दोन टोके तेवढी जुनी आहेत, मधला भाग दुसऱ्यांदा बांधलेला आहे. मित्रांनो, आयर्लंडमधल्या एका अरुंद ओढ्यावर मी उभा आहे. ओढा एवढासा, पण दोन देशांची सीमा त्याच्या मधोमध जाते. माझे उत्तरेकडचे टोक ब्रिटनच्या राज्यात आहे आणि दक्षिणेकडचे आयर्लंडच्या प्रजासत्ताकात. गाईंना हे कधीच ठाऊक नव्हते.

इथल्याच गवंड्यांनी इथल्याच खाणीतल्या करड्या दगडात मला बांधले. उत्तरेकडची माणसे माझ्यावरून पलीकडच्या चर्चला जात, दक्षिणेकडची दुधाचे डबे घेऊन अलीकडे येत. अंत्ययात्रेची इथे एक रीत आहे. उत्तरेच्या माणसांनी शवपेटी माझ्या मध्यापर्यंत आणायची आणि तिथे दक्षिणेच्या माणसांनी पुढे होऊन खांदा द्यायचा. त्या वेळी कोणी बोलत नाही. मला या रीतीचा फार अभिमान वाटे.

मग उत्तरेत ब्रिटनचे राज्य असावे की नसावे, यावरून गोळीबाराची, बॉम्बची वर्षे आली. एके सकाळी ब्रिटिश शिपाई आले. त्यांनी माझ्या अंगावर पिवळ्या रंगाने खुणा केल्या, तिथे सुरुंग लावले आणि दुपारी मी ओढ्यात पडलेला होतो. बंदुका इकडून तिकडे जाऊ नयेत म्हणून, असे ते म्हणाले. गावकऱ्यांनी रविवारी फावडी आणून भराव घातला, शिपायांनी तो पुन्हा उडवला. असे कितीदा तरी झाले. शेवटी लोक थकले.

त्याच काळात उत्तरेकडच्या अट्रॅक्टा मॅकगर्नचे वडील वारले. चर्च समोर दिसत होते, पण मी नव्हतो. माणसांनी पेटी कमरेएवढ्या पाण्यातून नेली. मध्यावर खांदे बदलताना एकाचा पाय घसरला आणि पेटीचे एक टोक पाण्यात बुडाले. अट्रॅक्टा काठावरून पाहत होती. ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती ओढ्यात उतरून माझे दगड वेचू लागली आणि हातगाडीतून अंगणात नेऊ लागली.

पुढे शांतता झाली. मला पुन्हा बांधायचे ठरले, तेव्हा तिच्याकडे दगड मागितले. तिने अर्धेच दिले. बाकीची रास अंगणात ठेवली. दक्षिण काठावरचा यूनन कीव्हनी तिचा लहानपणापासूनचा सोबती. तो तिची थट्टा केल्यावाचून राहत नसे.

"काय गं, बसलीस का अंड्यांवर? पिल्लं कधी निघायची?"

"तुझं लग्न होईल तेव्हा," ती म्हणे.

मलाही हसू येई. पण ती रास पाहिली की हसू थांबे. मला पुन्हा कोणी उडवले तर लागेल म्हणून ती राखली आहे, हे मला कळत होते.

आणि मग ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचे ठरवले. आयर्लंड संघातच राहणार होता. म्हणजे संघाची वेस थेट माझ्या मध्यावर येणार. बाहेरून येणारा माल तपासायचा कुठे? लंडन आणि ब्रसेल्सची मोठी माणसे बोलणी करू लागली आणि सगळे घोडे माझ्यासारख्या पुलांपाशी येऊन अडले. यूनन माझ्यावर ट्रॅक्टर थांबवून रेडिओ ऐके, तेव्हा मीही ऐकत असे. तोडगा निघाला. ब्रिटनच्या संसदेने तो फेटाळला. मुदत वाढवली. पुन्हा फेटाळला. सीमेवर चौक्या येणार नाहीत असे जो तो शपथेवर सांगे, पण कशा येणार नाहीत ते कोणी सांगेना. मी फार घाबरलो होतो. पुलाला पळता येत नाही, म्हणून तो जास्तच घाबरतो.

अट्रॅक्टा आता ऐंशीच्या घरात होती. "यूनन, मला पलीकडे आईबापाशेजारी जायचंय," ती एकदा कठड्याला टेकून म्हणाली. "आणि कोरडं जायचंय."

"जाशील की. एवढी घाई कसली?"

"घाई नाही रे. पण तोवर हा पूल राहायला हवा."

बोलणी मोडल्याची बातमी आली, त्या सकाळी ती माझ्याकडे आली आणि कठड्याजवळच थबकली. दगडांवर पिवळ्या खुणा होत्या. आदल्या दिवशी अंगाला ब्रश लागला तेव्हाच माझी पाचावर धारण बसली होती, पण मला ओरडता येत नाही. तिने एका खुणेवर बोट ठेवले. मग ती तडक यूननकडे गेली.

दुपारपर्यंत दोन्ही काठांची माणसे जमली. यूननने ट्रॅक्टर माझ्यावर आडवा लावला. खुर्च्या आल्या, चहा आला, सँडविच आली. फावडीही आली. तेवढ्यात एक छोटी गाडी थांबली आणि हेल्मेट घातलेली एक तरुण मुलगी उतरली. समोरची फावडी पाहून तिचा चेहरा पांढरा पडला.

"या खुणा तू केल्यास?" अट्रॅक्टाने विचारले.

"हो, आजी."

"कधी उडवणार?"

"उडवणार?" मुलीला काही समजेना. "अहो, मी रस्ते खात्यातली. कठड्याचे दगड सुटलेत, ते दुरुस्त करायचेत. दुधाचा टँकर घासला असेल."

माणसांनी फावडी खाली ठेवली. मग यूनन म्हणाला, "टँकर नाही गं पोरी. माझा ट्रॅक्टर घासला होता."

सगळे हसत सुटले. काहींच्या डोळ्यांत पाणी होते. मुलीला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. ती म्हणाली की फुटलेल्या दगडांच्या जागी सिमेंट भरावे लागेल, असा करडा दगड आता मिळत नाही. अट्रॅक्टाने यूननला हातगाडी ढकलायला लावली आणि लागतील तेवढेच दगड आणून दिले.

"सगळेच देऊन टाक की," यूनन म्हणाला.

"आधी त्या लंडन-ब्रसेल्सवाल्यांच्या सह्या होऊ देत."

सह्या झाल्या. ब्रिटनहून येणाऱ्या मालाची तपासणी समुद्राकाठच्या बंदरांतच करायची, असे ठरले. त्यावरूनही भांडणे झाली, पण माझ्यावर चौकी आली नाही. रास मात्र जागची हलली नाही.

मागच्या हिवाळ्यात अट्रॅक्टा गेली. उत्तरेच्या माणसांनी तिला माझ्या मध्यापर्यंत आणले. दक्षिणेकडून यूनन पुढे झाला. त्याला पेटी पेलवत नव्हती, तरी त्याने खांदा दिला. मी होईल तितका स्थिर राहिलो. ती कोरडी गेली.

काही दिवसांनी तिचा पुतण्या अंगण साफ करायला आला आणि दगड उचलू लागला. यूनन काठी टेकत माझ्यावरून तिकडे गेला.

"ते राहू दे," तो म्हणाला.

"कशाला, काका? आता सगळं मिटलंय."

"मिटलंय ना? मग राहू दे. खायला तर मागत नाहीत."

मित्रांनो, रास अजून तिथेच आहे. तिच्यावर खाजरी झुडपे वाढली आहेत. माझी भीती पुरती गेलेली नाही. रेडिओवर कोणी सीमेचे नाव काढले की मी कान टवकारतो. तुमच्याही गावात एखादा पूल असेल. जाता-येता त्याच्या कठड्यावर हात ठेवून पाहा, दगड सुटला असेल तर कोणाला तरी सांगा. आणि कोणी तो रस्ता बंद करायची भाषा करू लागले, तर ऐकून गप्प बसू नका. अट्रॅक्टाच्या अंगणातले ते दगड कधीही लागू नयेत, एवढेच माझे मागणे आहे.