ताम्हनातलं पाणी कोण हलवतं?

"आली! आली बघा! पाणी बघा, पाणी!"

कारखान्याच्या ओतशाळेत, जिथं वितळलेलं लोखंड साच्यात ओततात तिथं, मुंगीला शिरायला जागा नव्हती. धूळ ओढणाऱ्या मोठ्या पंख्याच्या लोखंडी चौथऱ्यावर भूत उतरवायला बोलावलेल्या भिमाजी बुवांनी ताम्हन ठेवलं होतं. त्यात पाणी, पाण्यात लिंबू. चौथरा घुमायला लागला तसं पाणी थरथरलं, लिंबू नाचलं. बुवांनी डोळे वटारले. "जा! हडळे, जा माघारी!" आणि खरंच हो, घुमणं हळूहळू उतरलं. लिंबू गप्प. सगळ्यांनी हात जोडले. जरा वेळानं पुन्हा घुमलं, पुन्हा बुवा ओरडले, पुन्हा उतरलं.

मी पगारे. सातपूरच्या कारखान्यांत फिरून यंत्रांची थरथर कशी मोजायची, हे तिथल्या तंत्रज्ञांना शिकवणं हा माझा धंदा. ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा त्या कामाला एक डबा असायचा. त्यावर काटा, आणि वायरीच्या टोकाला यंत्रावर टेकवायचा तुकडा. मी वर्गात खडू घेऊन वाट बघतोय आणि माझी सगळी मंडळी इथं बुवांपुढे हात जोडून उभी! माझं टाळकंच सटकलं.

"खंडेराव, काय तमाशा लावलाय हा?" मी फोरमनला विचारलं.

"तमाशा नाही, मास्तर. पंख्याच्या अंगात येतंय. ही सुलाबाई झाडू घेऊन आली की घुमतो, ती गेली की शांत. काल चौथऱ्याचा बोल्ट तुटून उडाला, सावळीरामच्या कानाजवळून गेला. उद्या कुणाचा जीव जायचा!"

सुलाबाई भिंतीला टेकून उभी होती, झाडू छातीशी धरून. झाडलोटीला होती ती. नवरा वारलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर.

"माझ्या हातचं पाणी कुणी पीत नाय, मास्तर," ती म्हणाली. "कामावरून काढलं तर दुसरं बघंन. पण चेटकीण म्हणून काढलं, तर वस्तीत माझ्या पोरीला कोण दारात उभं करंल?"

बुवांचा निकाल तयारच होता. सुलाबाईनं पंख्यापुढं नाक घासायचं, कबूल व्हायचं आणि गेटाबाहेर चालतं व्हायचं. "हिच्या सावलीत सात पिढ्यांची हडळ हाय! लोखंड खाते, लोखंड!"

"मग भंगारवाल्यानं केव्हाच ठेवली असती कामाला," मी म्हणालो. 

मला एका जागी उभं राहवेना. चांदवडचा सहादू माझ्या वर्गात होता. त्याला डबा आणायला लावला, चौथऱ्यावर तुकडा टेकवायला लावला. काटा सावकाश चढला, सावकाश उतरला, परत चढला, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. एकटं यंत्र असं ठेक्यात चढउतार करत नाही. मी मान वळवली. त्याच चौथऱ्यावर तसाच दुसरा पंखा फिरत होता.

"हा कधी बसवला?"

"दसऱ्याला," खंडेराव म्हणाले.

"आणि सुलाबाई कामावर कधी लागली?"

"तेव्हाच. काम वाढलं म्हणून."

"हा दुसरा पंखा चालवता कधी?"

"झाडताना धूळ उडते ना. बाई झाडू उचलते, मी बटण दाबतो..." खंडेराव मध्येच थांबले.

मी बुवांकडे वळलो. "बुवा, जरा पाठ फिरवा. हडळीला पाठमोऱ्यानं हाकला."

"देवकार्यात लुडबूड? भस्म होशील!"

"फिरा की बुवा," मागून सावळीराम म्हणाला. "बोल्ट माझ्या कानाजवळून गेलाय."

बुवा फिरले. "जा!" काटा चढतच राहिला. लिंबू उड्या मारायला लागलं. "जा म्हणतो ना!" लिंबू ऐकेना. सहादूची नजर काट्यावर होती. तो हळूच म्हणाला, "आता उतरंल." आणि उतरलं. म्हणजे हडळ आता सहादूचं ऐकायला लागली म्हणायची!

मग सुलाबाईला गेटाबाहेर पाठवलं. घुमणं चालूच. दुसरा पंखा बंद करवला. चढउतार थांबला, बारीकशी थरथर तेवढी राहिली. सुलाबाईला आत बोलावून पंख्याच्या पत्र्यावर तिचा हात ठेवायला लावला. काटा जागचा हलला नाही.

"आता दाबा बटण, खंडेराव."

त्यांनी दाबलं. पंख्यानं वेग घेतला आणि पाणी पुन्हा नाचायला लागलं.

"दोन्ही पंख्यांच्या पात्यांवर वाळूची धूळ बसलीय, एका बाजूला जास्त," मी सांगितलं. "म्हणून दोन्ही हलतात. वेग जवळजवळ सारखा, पण एक जरासा मागं पडतो. एका झोपाळ्याला दोघं ढकलतायत असं समजा. धक्के एकदम बसले की झोका मोठा, उलटसुलट बसले की झोका अडतो. बुवा पाणी बघून नेमके मोठ्या झोक्याला ओरडतात. ते उतरणारच असतं!"

लोक बुवांकडे वळले, तर बुवा गेटापाशी पोचलेले. ताम्हनसुद्धा विसरले.

माझ्या मंडळींनी पाती खरवडून धुतली, दोन्ही बाजूंचं वजन सारखं केलं, नवे बोल्ट आवळले. दोन्ही पंखे एकदम चालवले. लिंबू पाण्यात पडून राहिलं.

सुलाबाई खंडेरावांसमोर येऊन उभी राहिली. "नाक घासायचं राहिलं ना, साहेब? आता कुणी घासायचं?"

खंडेरावांची मान वर होईना.

"राहू द्या." तिनं माठातून पेला भरून पुढं केला. "पाणी प्या." सगळे बघत होते. त्यांनी पेला घेतला आणि सगळ्यांदेखत रिकामा केला. मग सावळीरामनं हात पुढं केला.

बाबांनो, यंत्र बिघडतं तेव्हा त्याला कारण असतं, आणि ते शोधता येतं. कुणी घुमतंय म्हणालं, तर आधी बटण कुणी दाबलं ते विचारा. आणि हे एखाद्या बाईला गेटाबाहेर काढायच्या आधी विचारा.