हवा घेतोय

"छान आहे," बाबा म्हणाले.

"हाही छान, मघाचाही छान, त्याच्या आधीचाही छान." लेकीने तिसरा हेडफोन त्यांच्या डोक्यावरून काढला. "बाबा, तुम्हाला परीक्षक म्हणून कुणी बोलावणार नाही."

तिच्या बँडचं रेकॉर्डिंग व्हायचं त्या स्टुडिओतून तिने ते तिन्ही एका दिवसासाठी मागून आणले होते. त्यांतला एक पसंत करायचा आणि तसाच नवा बाबांसाठी घ्यायचा. तिन्ही बंद पाठीचे. म्हणजे कानावरच्या वाट्या मागून बंद असतात, आतलं गाणं बाहेर सांडत नाही. या घरात ते हवंच होतं, कारण खोलीच्या दुसऱ्या टोकाला आईची शिकवणी चालायची. आताही सात मुलं भागाकार करत होती आणि आई एका मुलीला 'बाकी' म्हणजे काय ते चौथ्यांदा, पण पहिल्यांदाच सांगावं तशा आवाजात सांगत होती.

बाबांनी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली. त्या घरघरीने कानांतले बारीक आवाज नेले. दारावरची घंटी गेली, पाखरं गेली, बायकोच्या हळू हाका गेल्या. हाका मात्र सोयीने गेल्या, असं आईचं मत. खालचे जाड आवाज अजून शाबूत होते. लेक वाजवायची ती बेस गिटार, गाण्याच्या तळाशी चालणारा खर्ज. पण मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो यायचाच नाही, आणि कार्यक्रमाला जावं तर गर्दीत सगळ्या आवाजांचा चिखल. गेली नऊ वर्षं ती वाजवत होती आणि बाबा 'छान' म्हणत होते. तिला त्यांनी एकदाही नीट ऐकलं नव्हतं. हे तिला ठाऊक नव्हतं.

"बरं, हेडफोन राहू दे," ती म्हणाली. "या गाण्यात मी कुठे आहे ते सांगा."

बाबांनी टेबलावरची वायर उगाच सरळ केली.

"गाणारा येतो. ड्रम येतो थोडा. तू नाही येत."

"या हेडफोनमध्ये?"

"कशातच नाही. कधीच आली नाहीस."

"मग इतकी वर्षं छान छान काय म्हणत होतात?"

"तुला वाजवताना बघत होतो ना. ते छानच असायचं."

ती मान वळवून एकेक हेडफोन खोक्यात भरायला लागली. बाबांना हातांचं काय करावं कळेना. उरलेला हेडफोन त्यांनी पुन्हा डोक्यावर चढवला आणि दोन्ही वाट्या तळव्यांनी दाबून धरल्या. गाण्याच्या खालून काहीतरी जाड, गोल असं सरकलं. हात सोडले, गेलं. दाबले, आलं.

"थांब, थांब. हा हवा घेतोय."

"काय घेतोय?"

"हवा. पंपाच्या पाइपला केसाएवढी फट असली की तो पाण्याऐवजी हवा ओढतो. मोटर फिरते, आवाज करते, पाणी मात्र चढत नाही. मशीन चांगलं असतं गं. फट शोधायची असते."

पाइपच्या जोडावरून फिरवावं तसं त्यांनी वाटीच्या गादीच्या कडेवरून बोट फिरवलं. कानाच्या वर ते अडलं. चष्म्याची जाड काडी गादीखाली शिरून तिला उचलून धरत होती. सगळा खर्ज तिथून निसटत होता.

त्यांनी चष्मा काढला. लेक पुढे सरकली. तिने डोक्यावरची पट्टी एक घर खाली घेतली, वाट्यांच्या कडक गाद्या काढून खोक्यातल्या मऊ, जाड गाद्या बसवल्या.

"डावीकडे अजून घेतोय," बाबा म्हणाले.

तिने डावी वाटी जराशी मागे सरकवली. "आता?"

"बसली."

मग तिने मोबाइलवर वरचे बारीक सूर थोडे चढवले. "आईच्या हाका ऐकू येतील एवढे नको," बाबा म्हणाले, आणि ती हसायचं नाही म्हणता म्हणता हसली.

गाणं पहिल्यापासून सुरू झालं. खर्ज मोठा नव्हता. तो शांतपणे खालून चढत आला, गाणाऱ्याच्या पायाखाली जाऊन उभा राहिला, आणि गाणारा बिनघोर पुढे निघाला. बाबांनी डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत.

"दुसऱ्या कडव्यानंतर," ते म्हणाले, "तुझं बोट घसरलं का?"

कान झाकलेले असल्यामुळे ते जवळजवळ ओरडलेच होते. शिकवणीतली सातही डोकी वळली.

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. तिने त्यांच्या उजव्या कानावरची वाटी हळूच उचलली. "आम्ही बँडमधल्या चौघांनी ऐकलं, स्टुडिओवाल्याने दहादा ऐकलं. कुणाला कळलं नाही, बाबा."

"घसरलं ना पण?"

"हो. घसरलं." तिने बाहीने डोळे पुसले.

"मग तेवढंच परत लाव," बाबा म्हणाले. "सावरलंस कसं, ते ऐकायचंय."