सीमा चुकली

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. सारं जग अंगावर घेऊन सध्या एका लोखंडी कपाटात बंद आहे. सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या एका मराठी शाळेचं हे कपाट. आत डांबराच्या गोळ्यांचा वास, खाली गंजलेली लेझीम आणि वरच्या कप्प्यात नीट घडी घातलेला तिरंगा. त्याला प्रजासत्ताक दिनाला, स्वातंत्र्यदिनाला आणि दोन ऑगस्टला, म्हणजे आमच्या इथल्या मुक्तिदिनाला, बाहेरची हवा मिळते. मला तेवढीही मिळत नाही.

माझा जन्म दूर परदेशात, एका थंड बंदराच्या गावी झाला. कारागिरांनी रंगीत कागदाच्या फाका एका गोळ्यावर चिकटवल्या, मला लाकडी पाय दिला नि अक्षावर तिरकं बसवलं. छापणाऱ्याने जिथे जी रेघ ओढली, ती मी वागवली. कपाळावर काय लिहिलं जाणार, हे जन्मणाऱ्याला कोण विचारतं?

अनंत नावाच्या खलाशाने मला विकत घेतलं आणि आपल्या बहिणीला, उषाबाईंना, आणून दिलं. उषाबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, या शाळेत पाचवीला शिकवतात. त्यांनी मला वर्गात टेबलावर ठेवलं आणि माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. मुलं मला गरागरा फिरवायची, डोळे मिटून बोट टेकवायची. बोट बहुतेक पाण्यातच पडायचं. मग तो भिडू बुडाला म्हणून वर्ग खिदळायचा. चक्कर यायची, पण मला ते फार आवडायचं.

एकदा मुलांनी माझ्यावर सिल्वासा शोधलं. ते छापलेलंच नव्हतं. बाईंनी जागा दाखवली, तेव्हा वर्गातल्या गुड्डीने दुसऱ्या दिवशी घरून आईची टिकली आणून तिथे चिकटवली. त्या एवढ्याशा टिकलीखाली सिल्वासा गेलं, वापी गेली आणि अर्धा नंदुरबार जिल्हाही गेला. बरीच मुलं तिकडूनच आलेली; त्यांची मूळ गावं आणि शाळा एकाच टिकलीखाली आलेली पाहून बाई हसल्या.

गुड्डीने दुसरी टिकली इथिओपियावर लावली. तिचे वडील वाल्मिक जवळच्या मसाट गावातल्या धाग्याच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायचे. त्याच कामासाठी ते कंत्राटावर तिकडे गेले होते. मधल्या सुट्टीत ती एका टिकलीवर अंगठा आणि दुसरीवर करंगळी टेकवायची. "पप्पा एवढेच लांब आहेत," असं स्वतःशीच म्हणायची आणि डबा खायला जायची. माझ्या सगळ्या नोकरीत याहून मोठं काम मी केलं नाही.

मग पालकसभा झाली. सभेनंतर योगेशभाऊ वर्गात आले. ते शाळेच्या समितीवर होते. त्यांनी मला कौतुकाने फिरवलं आणि एकदम थांबवलं.

"बाई, हे काय चालूय? वर आपला देशच कापून टाकलाय. सीमा चुकली आहे साफ."

मुलं ऐकत होती. बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. चूक खरीच होती. उत्तरेकडचा तुकडा वेगळ्याच रंगात होता.

"मला आधी दिसायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "पण भाऊ, याच्यावर मुलं सगळं जग आपलं म्हणून बघतात."

"ज्याला सगळी गावं आपली, त्याचं एकही नसतं, बाई."

"माझा भाऊ साऱ्या बंदरांत फिरतो. तरी गणपतीत घरीच यायला बघतो."

मुख्याध्यापक वसंत सर दोघांच्या मध्ये सापडले. ते वाईट मनाचे नव्हते, पण कातडी बचावून वागणारे होते. बाई म्हणाल्या की सरकारी नकाशा समोर ठेवून रेघ दुरुस्त करते. सर म्हणाले, "देशाची सीमा तुम्ही-मी ब्रशने काढायची? कुणी फोटो काढून मोबाईलवर पसरवला तर तुमची नोकरी जाईल. सीमा चुकली ना, मग गोळा कपाटातच राहू दे." आणि किल्ली फिरली.

मित्रांनो, अंधारात फिरता येत नाही. माझा हिंद महासागर लेझमीला टेकलेला. मधल्या सुट्टीत दाराशी पावलं यायची, थांबायची आणि परत जायची. ती कुणाची, हे मला कळायचं. मला रडू यायचं, पण माझ्यात पाणी आहे ते सगळं छापलेलं.

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी सरांनी तिरंगा काढायला कपाट उघडलं. मागे गुड्डी उभी होती. डोळे सुजलेले.

"सर, सीमाने काही नाही केलं. टिकल्या मी चोरून आणल्या. तिला पता पण नाही."

"कोण सीमा, बाळा?"

"माझी मम्मी. तिच्यामुळे गोळा बंद केला ना? पप्पांना कळलं तर ते येणारच नाहीत."

सरांना हसू फुटलं होतं, ते तिथेच विरलं. एवढे दिवस हे पोर आईचा गुन्हा लपवत फिरत होतं. सर खाली बसले. "अगं, सीमा म्हणजे देशाची हद्द. तुझी आई नाही चुकली. कुणीच नाही चुकलं इथलं."

"मग पप्पांना बघू?"

सरांनी मैदानाकडे पाहिलं. योगेशभाऊ खुर्च्या लावत होते. "बाहेर नाही काढता येणार," सर हळूच म्हणाले, आणि त्यांनी दार धरून ठेवलं. गुड्डीने आत वाकून अंगठा नि करंगळी टेकवली. मग तिने दोन्ही हातांनी तिरंगा घेतला, छातीशी धरला आणि ताठ चालत मैदानाकडे गेली. तिला तिरंग्यात आणि माझ्यात भांडण दिसलंच नव्हतं.

सरांनी दार लावलं. किल्ली फिरवताना त्यांचा हात थांबला होता, पण फिरली ती फिरलीच.

मित्रांनो, मी अजून आतच आहे. माझ्या अंगावरची रेघ चुकली आहे, ती जरूर दुरुस्त करा. पण दुरुस्त करायला तरी मला आधी बाहेर काढावं लागेल.