विश्वासू ड्रायव्हर

आरटीओच्या साहेबांनी गाडीच्या टपावर थाप मारून "हं, चला" म्हटलं, आणि मंगलताईंनी डोळे मिटले.

मी मैदानाच्या कडेला, दोरीच्या अलीकडे उभी होते. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, माझीच शिष्या, आणि मला काहीच करता येत नव्हतं. साहेबांनी थोडी वाट पाहिली, मग खिडकीतून वाकले. मंगलताईंचे ओठ हलत होते.

"बाई, चक्कर येती का?"

आमेन अजून व्हायचं होतं.

साहेबांनी कागदावर फुली मारली. तेवढ्यात ताईंनी डोळे उघडले, गिअर टाकला आणि आठचा आकडा असा काढला, की रांगेतली पोरं बघत राहिली. पण फुली ती फुली.

"मी झोपले नव्हते, साहेब."

"घाटात असे डोळे मिटले तर? पुढच्या वेळी या."

परतताना गाडी मीच चालवली. "ताई, देवाला घरूनच सांगून यायचं ना."

"घरी बी सांगितलं व्हतं."

"मग?"

"आठवण केली." एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

या बाईंबद्दल मला पहिल्या दिवसापासून कुतूहल होतं. माझ्याकडे लग्न ठरलेल्या मुली येतात, टेम्पो घेणारी पोरं येतात. चोपन्न वर्षांच्या, नऊवार पातळाखाली पोरांचे खेळाचे बूट घालून आलेल्या या पहिल्याच. मी प्रत्येकाला विचारते, गाडी कशाला शिकायची? अर्धं शिकवणं त्या उत्तरातच असतं. त्या म्हणाल्या, "एका गुरुवारसाठी."

मी काय समजणार? नवस असेल म्हटलं. तर त्या हसल्या. "आमच्यात नवस नसतो, रुबिना. आमी ख्रिस्ती."

मी स्वतः कुठल्या ड्रायव्हिंगच्या शाळेत शिकलेले नाही. आळेफाट्याला अब्बांचं ट्रकचं गॅरेज होतं, तिथे पाने पुसता पुसता गाडी हाताला आली. त्यामुळे माणूस कसा शिकतो, हे मला कळतं. मंगलताई भीत नव्हत्या. फक्त किल्ली फिरवायच्या आधी, दर वेळी, डोळे मिटायच्या. माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक असतो, म्हणून मी सोडून द्यायचे. "तुमचा देव हाये, माझा ब्रेक हाये," असं म्हणायचे. चूक माझी होती. परीक्षेत दुसरा ब्रेक नसतो, हे मी सांगायला हवं होतं.

गुरुवारचं कोडं एका रविवारी सुटलं. "ये की एकदा आमच्या उपासनेला," त्या म्हणाल्या, आणि मी गेले. छोटं पत्र्याचं चर्च, त्यांच्या भाषेत मंदिर, चाळीसेक माणसं, पेटी आणि ढोलकी. मी मागच्या बाकावर, डोक्यावर ओढणी घेऊन बसले. इथे ओढणीकडे कुणी बघितलं नाही, उलट एका आजीने सरकून जागा दिली. मग मंडळीतले वडीलधारे भिकाभाऊ प्रार्थनेला उभे राहिले. आजाऱ्यांसाठी मागितलं, परीक्षेच्या पोरांसाठी मागितलं, आणि शेवटी म्हणाले, "आणि प्रभो, आमच्या व्हॅनला एक विश्वासू ड्रायव्हर दे."

"आमेन," सगळे म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज मंगलताईंचा.

व्हॅन मंदिराच्या मागे उभी होती. टायर बसलेले, आत कोंबडीने अंडी घातलेली. दर गुरुवारी ती डॉक्टरांना घेऊन तळेघरला जायची. मंगलताई नर्स, आणि खाकी शर्ट घालून गाडी चालवायचे त्यांचे यजमान, शमुवेलभाऊ. वर डोंगरात एसटी दिवसाला एखादी, बाकी चालणं. बीपीच्या गोळ्या, ड्रेसिंग, बाळंतिणीची तपासणी, सगळं त्या एका दिवसावर. शमुवेलभाऊ झोपेतच गेले, आणि गुरुवार बंद पडला. त्याला आता दोन वर्षं झाली.

"तुमी शिकताय हे यांना म्हाईत नाय?" मी कुजबुजले.

"विचारलंय कुणी? हे ड्रायव्हर मागत्यात. बाई कुठं मागत्यात?"

"मग तुमी आमेन का म्हणता?"

"दीड वर्सं नुसतंच म्हणलं," त्या म्हणाल्या. "मग एका रविवारी वाटलं, वरचा म्हणत असेल, अगं मंगल, हात हायेत, पाय हायेत, अजून मी काय पाठवू? सोमवारी तुझ्याकडं आले."

बाकाच्या लाकडावर नखाने रेघ ओढत त्या पुढे म्हणाल्या, "आणि खरं सांगू? मला लगीन झाल्यापासून ते चाक हातात घ्यायचं व्हतं. यांना म्हणलं की म्हणायचे, तू देवाला सांग, मी गाडी चालवतो."

मंडळीने ठरवलं होतं, नाताळापर्यंत ड्रायव्हर मिळाला नाही तर व्हॅन विकून टाकायची. फुली पडली ती नोव्हेंबरच्या शेवटी. म्हणजे एकच संधी उरली होती.

दहा दिवस मी त्यांना एकच गोष्ट शिकवली, डोळे उघडे ठेवून मागायला. "बोला काय बोलायचं ते, पण आरशात बघून!" पहिल्या दिवशी त्यांना ते लई अवघड गेलं. म्हणाल्या, "समोर खांब दिसतो गं, मन लागत नाय." तिसऱ्या दिवशी त्या आरशात बघून पुटपुटायला लागल्या. आठव्या दिवशी मागून आलेल्या दुधाच्या गाडीला वाट दिली आणि मग "आमेन" म्हणाल्या. तेव्हा मी समजले, जमलं.

परीक्षेला साहेब तेच होते. "काय बाई, जाग्या हायेत ना?" मंगलताईंनी टक्क उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी त्या साहेबांसाठीच प्रार्थना करत असाव्यात. आठचा आकडा झाला, रिव्हर्स झाला, सही झाली.

त्या रविवारी मी मुद्दाम गेले. भिकाभाऊंनी नेहमीसारखं सगळं मागितलं, आणि "आणि प्रभो, आमच्या व्हॅनला..." इथे अडकले. मंगलताई पास झाल्याचं कुणीतरी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. चाळीस माणसं डोळे मिटून वाट बघत होती. भिकाभाऊंनी घसा खाकरला. "...व्हॅनला डिझेल पुरव," ते म्हणाले. व्हॅन पेट्रोलवर चालते. तरी सगळे आमेन म्हणाले.

माझ्या नवऱ्याने, जुबेरने, व्हॅन चालू करून दिली. बॅटरी, टायर, उंदरांनी खाल्लेली वायर. ड्रायव्हरची सीट मात्र पार मागे होती. शमुवेलभाऊ सहा फुटी, मंगलताई माझ्या खांद्याएवढ्या. जुबेरने सीट पुढे ओढायला हात घातला, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या भाऊ." आणि पाठीमागे गोधडीची घडी कोंबून बसल्या. मी खुणेनेच जुबेरला गप्प केलं.

पहिला गुरुवार. डॉक्टर त्या दिवसापुरते पुढे एसटीने गेले होते, औषधांची खोकी मागे, आणि मी शेजारी. डिंभ्याच्या पुढे चढ लागला. समोरून ट्रक आला, ताई थांबल्या. मग निघताना गाडी गचका देऊन बंद पडली आणि मागे घसरायला लागली. गोधडी दबली होती, पाय क्लचच्या तळाला पोचत नव्हता. मी जोरात पाय दाबला. माझ्या बाजूला नुसता पत्रा होता.

मंगलताईंनी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली.

"वर कोंडाबाई बीपीच्या गोळ्यांची वाट बघत असंल," त्या म्हणाल्या. "आधीच निरोप पाठवलाय, गुरुवार हाये म्हणून."

मग त्यांनी पाठीमागची गोधडी काढली आणि माझ्याकडे दिली. वाकून सीटखाली हात घातला. गंजलेली दांडी आधी हलेना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली. खट् झालं, आणि सीट पुढे आली.

त्यांनी आरशात बघितलं, ओठ हलवले, आणि गाडी चढाला लावली.

गोधडी माझ्या मांडीवर होती, अजून कोमट. जुन्या पातळांच्या तुकड्यांत एक खाकी तुकडा शिवलेला होता, शर्टाच्या खिशासकट. खिशाचं बटण लावलेलं होतं. मी त्यावर हात ठेवून तळेघरपर्यंत बसून राहिले.