बसचा विषय सोडून

आंदोलक आणि बघे यांच्यात समान भूमी शोधायची तर ती भूमी आधी हिरवी हवी, असं संवाद-रचना केंद्राच्या सरांचं ठाम मत होतं. म्हणून चौकात फुटपाथला लागून हिरवी चटई अंथरली गेली. तिच्यावर समोरासमोर खुर्च्या मांडल्या, आणि ऊन फार म्हणून वर कापडाचं छत ताणलं.

हे काम केंद्राकडे नगरपालिकेने सोपवलं होतं. नगरपालिकेने टेकडीपलीकडे जाणारी बस बंद केली होती. त्यामुळे शंभरेक माणसं रोज दुपारी चौकाच्या मधोमध येऊन बसायची, रस्ता तुंबायचा, आणि जवळपास तेवढीच माणसं फुटपाथवर कपाळाला आठ्या घालून उभी राहायची. बस पुन्हा सुरू करणं हा एक उपाय होता, पण तो इतका सरळ होता की कुठल्याही बैठकीत त्याचा उल्लेख करणं बरं दिसलं नसतं.

केंद्रातल्या सगळ्यात नव्या मुलीला घरचे मोजपट्टी म्हणत. हे नाव आत्याने ठेवलं होतं, कारण लहानपणी ही सगळ्यांच्या पेल्यांतलं दूध पट्टी लावून बघायची. पुढे तिने संख्याशास्त्रात पदवी घेतली, आणि पेल्यांऐवजी माणसांना पट्टी लावायची नोकरी तिला मिळाली. या कामात तिचा थोडा घरगुती स्वार्थही होता. तिच्या बाबांचं सलून त्याच चौकात होतं, आणि सलूनच्या दारासमोर पत्र्याचा डबा बडवत आंदोलनाच्या पहिल्या रांगेत बसायची ती तिची आत्या.

आत्या टेकडीपलीकडे बऱ्याच लांब असलेल्या शिवणकारखान्यात कामाला होती आणि लग्न न करता भावाच्याच घरी राहिली होती. डबा वाजू लागला त्या आठवड्यापासून भाऊ-बहिणीचं बोलणं बंद झालं. एकाच टेबलावर जेवायचं आणि आईकडे बघून बोलायचं, अशी व्यवस्था लागली. "त्यांना सांग, पंखा कमी करा," असं आत्या म्हणायची, आणि पंख्याचं बटण बाबांच्या कोपराजवळ असायचं. एवढ्यात आत्या कारखान्याजवळ भाड्याची खोली बघते आहे अशी बातमी आईने आणली. बाबांनी ती ऐकली, कात्री पुसली आणि परत जागेवर ठेवली. मोजपट्टीला नोकरीत कायम व्हायचं होतं हे खरं. पण आत्या घर सोडून जाण्याआधी ही दोघं एकमेकांशी एकदा तरी बोलावीत, याची तिला जास्त घाई होती.

सरांच्या रचनेची चाचणी आधी ऑफिसातच झाली होती. निम्म्या कर्मचाऱ्यांनी आंदोलक व्हायचं, निम्म्यांनी बघे. स्पंजचा चेंडू ज्याच्या हातात तो बोलणार, बाकीचे मान डोलावणार. सुरुवातीला काय बोलायचं ते कार्डांवर छापलेलंच होतं: 'तुमचं म्हणणं मला समजतं, तरीही...' थोड्याच वेळात हिशेबनीसबाईंचे डोळे भरून आले आणि शिपायाने सरांना मिठी मारली. यावरून रचना यशस्वी आहे हे सिद्ध झालं. मोजपट्टीने हळूच विचारलं, की आपल्यातल्या कोणाचीच बस बंद झालेली नाही, याने काही फरक पडेल का? सर म्हणाले, तू फार नकारात्मक विचार करतेस.

नियम एकच होता: वादाचा विषय काढायचा नाही. म्हणजे बसबद्दल बोलायचं नाही. बाकी बालपण, आवडता रंग, पहिली सायकल, काय वाटेल ते.

पहिल्याच दिवशी चटई भरून गेली. खांबावरचा कॅमेरा कोण कोणाच्या शेजारी किती वेळ बसलं ते मोजत होता, आणि आकडे इतके सुंदर आले की सरांनी ते फ्रेम करायचेच काय ते बाकी ठेवले. मोजपट्टीने मात्र बसलेल्यांचे चेहरे पाहिले. माणसं शेजारी बसली होती, पण पाठ वळवून. एक आजोबा तर चेंडू मांडीवर घेऊन गाढ झोपले होते, आणि नियमाप्रमाणे ते उठेपर्यंत कोणालाच बोलता येत नव्हतं.

तिला संशय आला की लोक संवादासाठी येत नाहीत, सावलीसाठी येतात. तसं असेल तर नुसती सावली लावून बघायला हवी. पलीकडे तसंच छत, पण खाली चटई नाही, कार्डं नाहीत, चेंडू नाही. सरांनी खळखळ केली, पण अहवालात 'तुलनात्मक' हा शब्द शोभून दिसेल म्हणून हो म्हणाले. जागा मोजपट्टीनेच निवडली: बाबांच्या सलूनसमोर. त्याचं शास्त्रीय कारण असं, की तिथल्या भिंतीला हूक होता.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये उकडत होतं, म्हणून बाबांनी गिऱ्हाइकाची खुर्ची सरळ नव्या छताखाली आणली. गिऱ्हाईक म्हणजे एक जाडजूड बेकरीवाला, गालांना भरपूर फेस. तिकडे चटईवर आत्याच्या हातात चेंडू आला होता. आवडत्या प्रवासाबद्दल सांगा, असं केंद्राच्या मध्यस्थबाई मधाळ आवाजात म्हणाल्या. आत्याने सांगितलं, आणि तो बसचा निघाला. मध्यस्थबाईंनी तिला नम्रपणे उठवलं. दुसरी सावली एकच होती, म्हणून आत्या नाइलाजाने तिथे आली आणि भावाकडे पाठ करून उभी राहिली.

बाबा बेकरीवाल्याला म्हणाले, काही लोकांना सांगा, डब्याच्या आवाजाने हात हलतो आणि गिऱ्हाइकाचा गाल कापतो. आत्याही बेकरीवाल्यालाच म्हणाली, काही लोकांना सांगा, गिऱ्हाईक राहिलंय कुठे गाल कापायला. बेकरीवाला फेसातून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. मोजपट्टी हातात तक्ता घेऊन तीन पावलांवर उभी होती.

"यांना विचारा, गिऱ्हाईक पळवलं कोणी?" बाबा म्हणाले. "रस्ता कोण अडवून बसलंय?"

"आणि आधी ते यायचं कशाने? आकाशातून पडायचं?" आत्या गर्रकन वळली. "तुझी निम्मी गिऱ्हाइकं टेकडीपलीकडची, दादा. आमच्याच बसमधून उतरायची. मी रोज बघायचे."

बाबांचा वस्तरा हवेत थांबला. बेकरीवाल्याने मान जमेल तेवढी मागे घेतली.

"ते सोड," बाबा म्हणाले. "माझं तोंड बघायला नको म्हणून खोली घेते आहेस ना? घे. खुशाल घे."

"तुझं तोंड?" आत्या म्हणाली. "अरे, दोन वाहनं बदलून दोन तास जायला लागतात. पगार कापतात उशिराचा. बस नाही तर काय उडत जाऊ? तुझ्या तोंडाचा काय संबंध?"

"मग हे मला सांगायचं नाही?"

"तू बोलत होतास कुठे?"

"तू डबा वाजवत होतीस, ठके. ऐकू काय येणार?"

यानंतर जे झालं ते भांडणच होतं, त्यात शंकेला जागा नाही. डबा, उशीर, लहानपणी कोणी कोणाची छत्री हरवली, सगळं निघालं. फुटपाथवरची माणसं जवळ आली, चौकातलीही उठून आली. फुटपाथवरचा फळवाला म्हणाला की माझाही धंदा बस गेल्यापासून बसलाय. आंदोलनातली एक बाई म्हणाली, मग तुम्ही रोज आमच्यावर का खेकसता? फळवाला म्हणाला, दुसरं कोण सापडतं खेकसायला? बेकरीवाल्याने स्वतःचा फेस स्वतःच पुसला आणि नगरपालिकेत कोणाची कोणाशी ओळख आहे ते विचारू लागला.

मोजपट्टीने तक्त्याकडे पाहिलं. 'स्मितहास्य' हा रकाना होता, 'मान डोलावणे' होता. भांडणासाठी काहीच नव्हतं.

गलका ऐकून सर धावत आले. दोन्ही छतांकडे एकदा बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघितलंस?" ते म्हणाले. "रचना नसली की हे असं होतं." नुसत्या सावलीचा प्रयोग फसला असं लिहायला सांगून त्यांनी ते छत संध्याकाळीच उतरवायला लावलं. मोजपट्टीने अहवालात घडलं ते घडलं तसं लिहिलं. सरांनी ते पान काढलं आणि तिची उमेदवारीची मुदत वाढवली.

त्या संध्याकाळी जेवताना आई सवयीने मध्ये बसली होती. बाबांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"उद्या किती वाजता बसणार तुम्ही लोक?"

"चारला," आत्या म्हणाली.

"पाचला बसा. चारला माझे हेडमास्तर येतात दाढीला. टेकडी ओलांडून चालत येतात बिचारे, धापा टाकत."

"ते पलीकडचेच ना? शाळेजवळचे?"

"हो."

"दाढी झाली की पाठव त्यांना आमच्यात."

बाबा म्हणाले, ते हेडमास्तर आहेत, जमिनीवर बसायचे नाहीत, त्यांना खुर्ची लागेल. आत्या म्हणाली, मग तुझी आण. आईने दोघांकडे पाहिलं आणि आपलं ताट उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेलं.