रविवारी उगवणारी मिरची

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला धंद्यात पहिलं शहाणपण शिकवतात ते असं, की दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाला वेळ सांगायची नाही. "दोन मिनिटांत काढतो" म्हटलं की आतला माणूस घड्याळाकडे बघायला लागतो आणि मिनिटं संपली की दारावर लाथा घालतो. त्यापेक्षा बाहेरून बोलत राहायचं. कुठे निघाला होता, घरी आज काय शिजलंय, मुलं काय करतात, काहीही विचारायचं. आणि काही झालं तरी दार ओढायचं नाही. आजोबांनी हे नोकरीभर पाळलं. निवृत्त झाल्यावर मात्र नातीसमोर पहिल्याच फटक्यात मोडलं.

"रविवारपर्यंत उगवेल बघ," ते म्हणाले.

नातीला घरात खारू म्हणत, कारण ती घास गालात साठवून ठेवायची आणि गिळायचं विसरायची. आई दवाखान्यात गेल्यापासून हा साठा फारच वाढला होता. बाळ यायला अजून बराच अवकाश होता, पण त्याने आधीच निघायची तयारी चालवली होती. म्हणून डॉक्टरीणबाईंनी आईला पलंगावर आडवं करून ठेवलं होतं आणि उठायला साफ मनाई केली होती. त्या वॉर्डात लहान मुलांना सोडत नसत. जावईबापू चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे आणि उरलेला वेळ दवाखान्याच्या जिन्यात काढायचे. त्यामुळे खारू आजोबांच्या वाट्याला आली होती, आणि आजोबांना मुलांना रमवण्याचा अनुभव म्हणाल तर लिफ्टच्या दाराआडूनच होता.

बियाण्याच्या दुकानात खारूने ज्या पाकिटावरचं चित्र सर्वांत लाल होतं ते उचललं. भोपळी मिरची. आजोबांचा चष्मा घरी होता, त्यामुळे पाकिटाच्या मागे काय छापलंय हे त्यांनी वाचलं नाही. त्यांच्या हिशेबात सगळ्या बिया मटकीच्या नात्यातल्या होत्या. आज भिजवल्या की परवा शेपट्या.

घरी आल्यावर त्यांनी दह्याच्या रिकाम्या डब्याला स्क्रूड्रायव्हरने भोकं पाडली. माती ओली करून खारूच्या मुठीत दिली आणि दाबायला सांगितली. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी टपकता कामा नये. खारूने हे काम जीभ बाहेर काढून केलं. मग नख बुडेल एवढा खड्डा केला. आजोबा म्हणाले, चार-पाच बिया टाक, एखादी तरी लागेल.

"एकच," खारू म्हणाली. "आईच्या पोटात पण एकच आहे."

आजोबांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण ते डब्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून बसवण्यात गुंतले होते. डबा फ्रीजच्या डोक्यावर, मागच्या बाजूला, जिथे थोडी ऊब असते तिथे गेला आणि ते वाक्य कानावरून गेलं.

ते परत आलं दुसऱ्या दिवशी सकाळी. आजोबा स्वयंपाकघराच्या दारात होते. खारू स्टुलावर चढून, फ्रीजला मिठी मारल्यासारखी उभी राहून डब्याशी कुजबुजत होती. रविवारी तू वर ये हं, म्हणजे आई घरी येईल. तसं ठरलंय.

कोणाशी ठरलंय, कधी ठरलंय, हे विचारायचं धाडस आजोबांना झालं नाही. त्यांनी चष्मा शोधला आणि पाकीट वाचलं. पाकिटावर रविवारचा उल्लेखही नव्हता. दोन ते तीन आठवडे, असं लिहिलं होतं, आणि तेही जागा उबदार असेल तर.

नाश्त्याला त्यांनी विषय काढून पाहिला, की काही बिया जरा आळशी असतात, कधी कधी सोमवारही उजाडतो, एखादीला तर पुढचा महिनाही लागतो. खारूने गालातला घास या बाजूचा त्या बाजूला नेला. "तू रविवार म्हणालास," ती म्हणाली, आणि खटला तिथेच संपला. संध्याकाळी तिने फोनवर आईलाही रविवार कळवला. आई खूश झाली, म्हणाली मला फोटो पाठव. म्हणजे आता अडकलेली माणसं दोन झाली आणि दोघींना वेळ सांगून झालेली.

सासरे-जावयांची बैठक इमारतीच्या जिन्यात भरली. घरात जागा होती, पण घरात खारूही होती. जावईबापूंनी मार्ग काढला. रोपवाटिकेत तयार रोप मिळतं, रविवारी सकाळी ती उठायच्या आत डब्यात लावून टाकायचं. शुक्रवारी ते दोन रोपं घेऊनच आले आणि सासऱ्यांसमोर एकेक धरून सवयीने विचारू लागले, "हे बरं दिसतं, की हे? पुन्हा बघा. हे, की हे?" आजोबांनी डाव्या हातातलं पसंत केलं. बाथरूममध्ये बादलीमागे त्याची सोय झाली. उजव्या हातातलं जावईबापूंनी दुकानात नेलं.

शनिवारी दुपारी दवाखान्यातून फोन आला. कळा पुन्हा सुरू झाल्या होत्या. औषध चढवलं होतं, बघू म्हणाले होते. जावईबापू उभ्या उभ्या बूट घालत होते आणि एकच बूट दोनदा घालत होते. खारूने विचारलं, बाळ बाहेर आलं तर चांगलंच ना?

"नाही बेटा. ते अजून तयार नाही. लवकर बाहेर आलं तर..." जावईबापू म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता. संध्याकाळपर्यंत कळा थांबल्याचं कळलं, पण आता थांबल्यात, एवढंच. त्या दिवशी खारूने गालातलं काहीच गिळलं नाही.

रविवारी उजाडताच आजोबांनी बादलीमागचं रोप काढलं आणि मोजे घालून, चोरासारखे, स्वयंपाकघरात शिरले.

खारू आधीच तिथे होती. फरशीवर बसलेली, डबा मांडीत, पिशवी बाजूला, चमचा मातीत. एक तळहात पुढे धरलेला. त्यावर ते बी होतं, फुगलेलं, फुटलेलं, आणि त्यातून दोऱ्याहून बारीक पांढरं शेपूट निघालेलं. ती रडत नव्हती. श्वाससुद्धा जपून घेत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "मी लवकर काढलं."

आजोबांच्या जिभेवर आलं होतं, की काही होत नाही गं. पण ते वाक्य 'दोन मिनिटांत काढतो'चं सख्खं भावंड होतं. त्यांनी ते गिळलं. हातातलं रोप सिंकमध्ये ठेवलं आणि गुडघे कुरकुरले तरी खाली बसले.

हात हलवू नकोस, बोट लावू नकोस, एवढंच ते म्हणाले. पेन्सिलीच्या टोकाने त्यांनी मातीत नवा खड्डा केला. खारूने तळहात कलता केला, आणखी कलता, आणि बी घसरून खाली गेलं. शेपूट खालच्या बाजूला यावं म्हणून आजोबांनी पेन्सिलीनेच बी जरासं वळवलं. वर चिमूटभर भुसभुशीत माती, चमचाभर पाणी, पुन्हा पिशवी.

"आता येईल?"

"माहीत नाही."

"कधी कळेल?"

"तेही माहीत नाही. मी रविवार उगाच म्हणालो. मला ठाऊक नव्हतं."

खारूने विचारलं, "मग आपण काय करायचं?"

"बाहेरून बोलत राहायचं. दार ओढायचं नाही."

मग तिने डबा आजोबांकडून जागेवर ठेवून घेतला, स्टुलावर चढली आणि तुझ्या घरी आज काय शिजलंय, असं बियाला विचारलं. आईला फोन लावायला लावला. "आई, माझं बी नाही आलं अजून," ती म्हणाली. "ते आत आहे. तू पण घाई करू नकोस हं." आई म्हणाली, नाही करत.

सिंकमधल्या रोपाकडे खारूचं लक्ष नंतर गेलं. हे कोण, असं तिने विचारलं. पाहुणे आहेत, आजोबा म्हणाले. खारूने पाहुण्यांना बाल्कनीत बसवायला सांगितलं. बियाने एवढं मोठं झाड पाहिलं तर त्याला घाई होईल.

त्यानंतर घर फोनकडे कान लावून जगू लागलं. फोन वाजला की आजोबा उचलायच्या आधी भिंत धरायचे. बहुतेक वेळा जावईबापूच असायचे, आणि आज तसंच आहे, एवढंच सांगायचे. 'तसंच आहे' ही त्या घरातली सर्वांत मोठी खुशखबर झाली होती. आजोबा रोज पिशवी उचलून काळी माती बघायचे आणि पुन्हा झाकायचे. पेन्सिलीने शेपूट मोडलं तर नसेल, ही शंका त्यांनी कोणालाच सांगितली नाही.

आणि एका सकाळी माती किंचित फाटलेली दिसली. मधून एक फिकट कमान वर आली होती, पाठ बाहेर, डोकं अजून मातीत. आजोबांनी चष्मा काढला, घातला. खारूला उचलून दाखवलं. मग डबा खिडकीत उजेडाला ठेवला आणि फोन हातात घेतला.

खारूने फोनवर हात ठेवला.

"आईला नको सांगू," ती अगदी हळू म्हणाली. "बाळ ऐकेल. त्याला वाटेल, सगळे यायला लागले."

आजोबांनी फोन खाली ठेवला.

चार दिवसांनी संध्याकाळी आईचाच फोन आला. डॉक्टरीणबाई अजून थांबू म्हणाल्या होत्या. "मिरची आली का हो, बाबा?" तिने विचारलं. खारूचे दोन्ही गाल फुगलेले होते. डबा तिने खिडकीतून काढून पाठीमागे धरला होता, फोनपासून जमेल तितका लांब. त्यात एव्हाना दोन कोवळी पानं उघडली होती.

"अजून नाही," आजोबा म्हणाले. "चांगलाच वेळ घेतेय."

"घेऊ दे," आई म्हणाली.

खारूने घास गिळला.